शेल्टरमधली घाबरट मांजर दत्तक घ्यावी का? अनुभव हवेत

जाई_कोथरूड
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. दुसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात मी, नवरा, चौथीतली लेक आणि सासूबाई. मांजर आणायचं बरेच दिवस घाटत होतं. विकत घ्यायचं नाही, दत्तकच घ्यायचं, यावर चौघांचं एकमत आहे. म्हणून गेल्या रविवारी शहराबाहेरच्या एका शेल्टरमध्ये जाऊन आलो.

पिल्लं भरपूर होती, लेकीच्या अंगाखांद्यावर चढली. माझं लक्ष मात्र एका पट्टेरी भाटीकडे गेलं. पिंजऱ्यात पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलेलं आणि ती त्याच्या पार मागच्या बाजूला चिकटून बसलेली. पाय पोटाखाली, कान बाजूला पडलेले, बुबुळं एवढी मोठी की डोळ्यांचा हिरवा रंग नुसता कडेला उरलेला. मी वाकून बघितलं तर फिस्कारलीसुद्धा नाही. जागा नसतानाही आणखी मागे सरकायला बघत होती. तिथल्या ताई म्हणाल्या, दोन-अडीच वर्षांची आहे, नसबंदी झालीय, लसी झाल्यात, पण हिला कोणी नेत नाही. येणारी माणसं पिंजऱ्यापाशी थांबतच नाहीत.

तेव्हापासून तीच डोक्यात आहे. नवऱ्याचं म्हणणं, लेकीला खेळायला मांजर हवंय, पिल्लू आणू. सासूबाईंचं म्हणणं, जिला कोणी नेत नाही तिलाच आणायची. अशी घाबरलेली मोठी मांजर घरात रुळते का? साधारण किती काळ लागतो? लहान मूल असलेल्या घरात आणणं हा तिच्यावर अन्याय तर नाही ना? ज्यांनी आणलंय त्यांनी सविस्तर लिहा.

पोफळी
रुळते. आमची रुळली. आत्ता ऑफिसात आहे, रात्री सविस्तर लिहिते. तोवर जागा धरायला रुमाल.

सदाफुली७
सासूबाईंना साष्टांग नमस्कार सांगा. मांजराच्या बाजूनं बोलणारी सासू ज्या घरात आहे तिथे त्या पट्टेरी बाईंचं अर्धं काम झालंच म्हणून समजा :)

कऱ्हाकाठ
मी वेगळं मत मांडतो. पहिलंच मांजर आहे, घरात लहान मुलगी आहे, तर दोन-तीन महिन्यांचं पिल्लू आणा. जमल्यास भावंडांची जोडीच आणा. लेकीच्या मनात मांजर म्हणजे दोरीमागे धावणारं, कुशीत झोपणारं. तिला महिनाभर पलंगाखाली चमकणारे दोन डोळेच दिसले तर ती हिरमुसेल. मुलांचा उत्साह ओसरला की मोठ्यांचाही ओसरतो आणि मांजर परत शेल्टरच्या दारात जातं. घर मिळून पुन्हा सुटणं हे त्या जिवाला फार जड जातं. नुसती दया आली म्हणून मांजर आणू नये.

गिरगावकर_मावशी
कऱ्हाकाठ, शेवटच्या वाक्याशी सहमत, बाकीच्याशी नाही. पिल्लांना घरं मिळतात हो. मागे राहतात त्या मोठ्या, काळ्या आणि भित्र्या.

पण जाई, आधी एक सांग. ही मुळात घरातली होती की रस्त्यावरच वाढलेली? मी आमच्या वाडीतल्या मांजरांना खायला घालते, पकडून नसबंदीला नेते आणि परत आणून सोडते. त्यातल्या काही जन्मात माणसाच्या हाताला लागलेल्या नाहीत. अशी मांजर फ्लॅटमध्ये कोंडली तर दिवसरात्र बाहेर जायची वाट शोधत बसते. तिला ओळखीची वाडी आणि ठरल्या वेळेचं खाणं, हेच बरं. सगळ्यांना उचलून घरातच आणलं पाहिजे हा हट्ट मला पटत नाही.

जाई_कोथरूड
मावशी, उद्या शेल्टरला फोन करून हे विचारते. कानाचं टोक कापलेलं आहे, तेवढं दिसलं होतं.

डॉ_पाणवठा
कापलेलं टोक म्हणजे नसबंदी झाल्याची खूण. ती रस्त्यावर पकडली गेली एवढंच त्यावरून कळतं. घरातून टाकून दिलेल्या मांजरीही रस्त्यावरच सापडतात.

मी पशुवैद्य आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असतं तेव्हा माणसाचा हात, आवाज, वास ओळखीचा झाला तर ते माणसाळतं. तो काळ माणसाशिवाय गेला तर पुढे ते घडवणं फार अवघड. शेल्टरच्या पिंजऱ्यात दोन वेगळ्या मांजरी सारख्याच दिसतात. एक रानात किंवा गल्लीत माणसाविना वाढलेली. दुसरी घरात वाढलेली, पण घर सुटल्यानं हादरलेली. दुसरीला वेळ आणि शांतता मिळाली की जुनं सगळं आठवतं. म्हणून पूर्वीची माहिती विचारा आणि काही दिवसांनी पुन्हा जाऊन बघा. कुत्र्यांचं भुंकणं थांबल्यावर ती अंग चाटते का, ओळखीच्या ताईंच्या हातून खाते का, पुढच्या पायांवर डोकं टेकते का, हे पाहा.

कधी कधी भित्री वाटणारी मांजर दुखण्यानं दबलेली असते. दात किडलेले, हिरड्या सुजलेल्या, कानात किडे, जुना मार. आणण्याआधी नीट तपासून घ्या, एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांच्या दोन विषाणूंची रक्ततपासणी झालीय का विचारा. कार्डावर ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) आणि रेबीज, दोन्हीच्या तारखा हव्यात.

आणि हे कृपया लक्षात ठेवा. घरी आल्यावर पहिला दिवस खाल्लं नाही तर एक वेळ ठीक. दुसरा दिवसही उपाशी जातोय असं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. लठ्ठ मांजराला धोका जास्त. "भूक लागली की येईल बाहेर" असं म्हणत चार दिवस काढलेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

सदाफुली७
डॉक्टर, उपाशी राहण्याचं हे माहीतच नव्हतं. धन्यवाद.

पोफळी
हं, आता सवडीनं लिहिते. आम्ही ठाण्याला राहतो. आमची मथी आली तेव्हा चारेक वर्षांची होती. एक आजी वारल्या, त्यांची ही मांजर. नातेवाइकांनी शेल्टरला दिली.

पहिली गोष्ट, सगळं घर एकदम दाखवायचं नाही. एकच खोली द्यायची. आम्ही मागची छोटी बेडरूम दिली. खाणं-पाणी एका कोपऱ्यात, शी-शूचा ट्रे त्याच्या बरोब्बर समोरच्या कोपऱ्यात. मांजराला जेवणाशेजारी शौचालय खपत नाही.

दुसरी गोष्ट, लपायची जागा तुम्ही ठरवा, नाहीतर ती ठरवते. हायड्रॉलिक पलंग असेल तर त्याच्या खालच्या फटी उशा, चादरींच्या गुंडाळ्या घालून आधीच बंद करा. मांजर त्या स्टोरेजमध्ये शिरलं आणि कोणी पलंग खाली केला तर संपलं. फ्रिजमागे, वॉशिंग मशीनखाली, गिझरच्या वरच्या माळ्यावर, सगळीकडे बघा. आम्ही कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, माझी जुनी कॉटनची साडी अंथरली आणि दार बोटभर उघडं ठेवून मागे लाकडाची पाचर मारली, म्हणजे ते बंदही होत नाही आणि सताड उघडतही नाही. ती तिथे गेली आणि तिथेच राहिली.

तिसरी गोष्ट, तिला तिथून कधीही ओढून काढायचं नाही. पाहुण्यांना दाखवायला नाही, फोटोला नाही. डॉक्टरकडे न्यायचंच असेल तर गोष्ट वेगळी.

मग रोज काय करायचं? जाऊन बसायचं. मी जमिनीवर, तिच्याकडे पाठ करून, पेपर मोठ्यानं वाचायचे. अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. पहिले कित्येक दिवस ती काही आम्हाला दिसली नाही. पण सकाळी वाटी चाटूनपुसून लख्ख आणि ट्रेमधली माती उकरलेली, म्हणजे रात्री बाई फिरतायत. जीव भांड्यात पडायचा. मग वाटी रोज वीतभर माझ्याकडे सरकवत नेली. एकदा वाचताना पाठीला काहीतरी घासून गेलं. मी हलले नाही, पुढचं वाचत राहिले. ती परत आली आणि डोकं घासलं. त्यानंतर सगळं भराभर झालं. महिना-दीड महिना गेला असेल.

मांडीवर मात्र ती आजही बसत नाही. शेजारी बसते, अंगाला अंग लावून. एवढं पुरे असेल तरच आणा.

कऱ्हाकाठ
पोफळी, सुंदर प्रतिसाद. पण "एवढं पुरे असेल तरच" हे चौथीतल्या मुलीला विचारायला हवं ना? माझा मुद्दा तोच होता.

जर्सीची_मीरा
कऱ्हाकाठ, मुलीचा मुद्दा रास्त आहे, पण मला तो उलट बाजूनं दिसतो. इथे पेनसिल्वेनियात बर्क्स काउंटीमधल्या शेल्टरनं २०१३ मध्ये 'बुक बडीज' नावाचा उपक्रम सुरू केला. शाळकरी मुलं येतात, मांजरांच्या खोलीत बसतात आणि त्यांना गोष्टी वाचून दाखवतात. मुलांचं वाचन सुधारतं आणि मांजरांना एका लयीतल्या आवाजाची सवय होते. पोफळीनं पेपर वाचला, तेच हे. मुलांना मांजरामागे धावायचं नसतं हे शिकवावं लागतं, पण एकदा काम सोपवलं की ती मोठ्यांपेक्षा जास्त निष्ठेनं करतात. जाई, लेकीला "ही तुझी जबाबदारी, रोज अर्धा तास हिला वाचून दाखवायचं" असं सांगून बघ.

गिरगावकर_मावशी
मीरा, हे फार आवडलं. आमच्या वाडीतल्या पोरांना सांगते.

उट्रेख्तकर
लपायच्या जागेबद्दल पोफळीनं लिहिलंय त्याला पूर्ण दुजोरा. इथल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी डच शेल्टरमध्ये नव्यानं आलेल्या मांजरांवर प्रयोग केला होता, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहींना पिंजऱ्यात लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं पहिल्या काही दिवसांतच निवळली, बाकीच्यांना तेवढं निवळायला दोन आठवडे लागले. अनेकांना वाटतं लपू दिलं की मांजर आणखी भित्रं होतं. घडतं उलट.

आणखी एक करून बघा. तिच्याकडे टक लावून बघू नका. नजरानजर झालीच तर डोळे हळूच अर्धे मिटा, क्षणभर थांबा, हळूच उघडा. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठानं २०२० मध्ये याचा अभ्यास केला. माणसानं असं केलं की मांजरंही डोळे बारीक करतात आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे यायला जास्त तयार होतात. आमच्या बोक्यावर मी हे रोज करते, तोही करतो.

निवडुंग
कालपासून आमच्या मनीकडे बघून डोळे मिचकावतोय. बायकोनं डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय. माझ्यासाठी :)

तुळशीबाग_सखी
विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्याकडे घरात अंडंसुद्धा चालत नाही. मांजर आणायची फार इच्छा आहे. दूध-पोळी, दहीभातावर ठेवता येईल का? आजोळी मांजरं तसंच खायची.

डॉ_पाणवठा
नाही. आजोळची मांजरं दहीभात खाऊन वर उंदीर, पाली, चिमण्या मारायची. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो, तो कमी पडला की डोळे आणि हृदय जातं. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूधही पचत नाही, जुलाब होतात. घरात मांस शिजवायचं नसेल तर चांगल्या कंपनीचं कोरडं खाणं ठेवा, त्यात सगळं असतं. तेही घरात नको असेल तर कृपया मांजर पाळू नका, ससा पाळा.

तुळशीबाग_सखी
स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं. कोरड्या खाण्याला घरच्यांची हरकत नसावी, विचारते.

जाई_कोथरूड
आमच्याकडे मासे असतात. सासूबाई गुहागरच्या, त्यांनी मांजरासाठी सुकट आणायची तयारी केलीय. चालेल ना?

डॉ_पाणवठा
सुकटीत, सुक्या बोंबलात मीठ फार. भिजवून, पाणी टाकून, उकडून चिमूटभर द्या, आमिष म्हणून उत्तम. रोजचं जेवण म्हणून नको. कांदा-लसणाचा रस्सा अजिबात नको.

आणि फरशी पुसायचं फिनाईल बंद करा. मांजर त्या फरशीवर चालतं आणि पंजे चाटतं, त्यातला फिनॉल त्याच्या यकृताला झेपत नाही. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर काढा. फुलदाणीत लिलीची फुलं नकोत, परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका, एक गोळी जीव घेते.

माहीमची_खाडी
सगळे आतल्या व्यवस्थेबद्दल लिहितायत, मी खिडक्यांबद्दल लिहिते. घाबरलेली मांजर बाहेर निसटली तर हाकेला येत नाही. आमची चंपी कुरिअर घेताना दारातून सटकली. दिवसा सोसायटीभर हाका मारल्या, पत्ता नाही. एका ओळखीच्या प्राणिमित्रानं सांगितलं, लांब शोधू नका, जवळ शोधा आणि रात्री शोधा. २०१८ मधल्या एका अभ्यासात सापडलेल्या हरवलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के घरापासून ५०० मीटरच्या आतच सापडली होती. भित्री मांजर पळत सुटत नाही, पहिल्या अडगळीत घुसून श्वास रोखून बसते. रात्री दीडनंतर वर्दळ थांबल्यावर टॉर्च घेऊन गेलो. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत, जुन्या होर्डिंगच्या फ्लेक्समागे डोळे चमकले. आणायला आणखी दोन रात्री गेल्या, कारण हात लावू देईना. शेवटी तिचंच खाणं ठेवून, तिची चादर अंथरून कॅरिअर लावला तेव्हा आत आली.

म्हणून आधी जाळी, मग मांजर. कबुतरांची नायलॉनची जाळी मांजर दातानं कुरतडतं. तारेची जाळी फ्रेममध्ये बसवून घ्या. दुसरा मजला म्हणजे फार उंच नाही असं समजू नका, तिथून पडूनही जबडा आणि पाय मोडतात.

निवडुंग
+१. स्लाइडिंग खिडकीला डास-जाळी असेल तरी ती मांजराच्या नखांपुढे टिकत नाही. आणि दाराला एक उपाय, आम्ही दारावर पाटी लावलीय: "आत मांजर आहे. पायाकडे बघून आत या."

कोयनाकाठ
सोसायटीनं हरकत घेतली तर काय? आमचे सेक्रेटरी पाळीव प्राणी म्हटलं की नियमावली काढतात.

माहीमची_खाडी
अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. छापून सेक्रेटरींना द्या, शांतपणे. आणि पुण्यात असाल तर महापालिकेकडे मांजराची नोंदणी करून घ्या, २०२२ मध्ये तसा निर्णय झालाय. कागद हातात असला की अर्धे वाद मिटतात.

गिरगावकर_मावशी
कागदपत्रांवरून आठवलं. आपल्याकडे हे सगळं परदेशातून आत्ता आलंय असं लोकांना वाटतं. परळचं बैलघोडा हॉस्पिटल ज्या संस्थेचं, ती १८७४ ची! ओढकामाची जनावरं तिथे यायची म्हणून लोकांनी हे नाव पाडलं. माझे वडील गिरणीत होते, चाळीतली मांजरी जखमी झाली की टोपलीत घालून तिथेच न्यायचे. बरं, विषयांतर पुरे. जाई, फोन केलास का?

जाई_कोथरूड
केला, आणि काल परत जाऊनही आले. ऐका.

ती घरातलीच होती. भाड्यानं राहणारं कुटुंब गाव सोडून गेलं, हिला ठेवून. ती कितीतरी दिवस त्याच मजल्यावर, बंद दारासमोरच्या पायपुसण्यावर बसून असायची. वॉचमनकाका पोळी-दूध ठेवायचे. नवे भाडेकरू आल्यावर तिला हाकलायला लागले, तेव्हा कोणीतरी शेल्टरला कळवलं. काल ताईंनी पिंजऱ्याचं दार उघडून मला समोर खाली बसवलं आणि स्वतः गेल्या. मी पाठ करून बसले, पोफळीसारखी. फोनवर हाच धागा हळू आवाजात वाचत होते. तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद तिनं ऐकलेत! निघताना हळूच वळून बघितलं तर पाय पोटाखालून बाहेर काढून ती एक पंजा चाटत होती. मी डोळे मिटले. तिनं नाही मिटले, पण नजरही काढली नाही.

घरी येऊन लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग ती अजून त्या दाराचीच वाट बघत असेल." नवरा काही बोलला नाही, संध्याकाळी जाळीवाल्याला फोन लावताना दिसला.

तपासणी झालीय, दोन्ही रक्तचाचण्या ठीक आहेत. वरचा एक दात काढावा लागेल, तो शेल्टरच काढून देणार आहे.

पोफळी
पायपुसण्यावर बसून असायची हे वाचून गलबललं. घेऊन या हो तिला.

गिरगावकर_मावशी
आण गं बाई. माझी हरकत मागे.

कऱ्हाकाठ
लेकीचं वाक्य वाचलं. माझा प्रश्न तिच्याबद्दलच होता आणि तिनंच उत्तर दिलं. एकच सुचवतो, तारीख विचार करून ठरवा. गणपती तोंडावर आलेत. तुमच्याकडे नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू असेल, घरी बसत असतील तर पाहुण्यांचा राबता, विसर्जनाची मिरवणूक. अशा आठवड्यात नवीन, भेदरलेली मांजर आणू नका.

डॉ_पाणवठा
अगदी योग्य मुद्दा. अनंत चतुर्दशी होऊ द्या, मग आणा. दिवाळीपर्यंत तिला साधारण सव्वा ते दीड महिना मिळेल. फटाक्यांच्या दिवसांत खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा किंवा रेडिओ सुरू, आणि तिची लपायची जागा तशीच. फारच बेचैन होत असेल तर औषध असतं, पण ते आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या, ऐन वेळी कुत्र्याचं उरलेलं देऊ नका.

जाई_कोथरूड
शेल्टरशी बोलले. चतुर्दशीनंतरच्या शनिवारपर्यंत ते तिला राखून ठेवतायत. तोवर दर रविवारी आम्ही जाणार, लेक बालभारतीचं पुस्तक घेऊन. सासूबाईंनी नावही ठरवलंय, ठकू.

सदाफुली७
ठकू! सासूबाईंना पुन्हा एकदा नमस्कार.

लिंबोणी
इथेच विचारते, चालेल ना? वहिनीला दिवस गेलेत, घरात मांजर आहे आणि सगळे म्हणतायत सोडून द्या.

डॉ_पाणवठा
सोडू नका. लोक घाबरतात ते टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीला, गर्भाला त्याचा धोका असतो. तो मांजराच्या विष्ठेतून येतो, पण विष्ठा बाहेर पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोजच्या रोज दुसऱ्या कोणीतरी साफ करायचा, मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही, वहिनींनी बागकाम करताना हातमोजे घालायचे आणि भाज्या नीट धुवायच्या. तिच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा.

पोफळी
जाई, दिवाळी झाली. ठकूची खबर?

जाई_कोथरूड
सगळ्यांना उशिराच्या शुभेच्छा. घरात आजारपण होतं म्हणून लिहायचं राहिलं.

ठकू आली. पहिल्या रात्री काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डॉक्टरांना फोन लावायच्या बेतात होते तेवढ्यात सासूबाईंनी उकडलेल्या सुकटीचं पाणी कोरड्या खाण्यावर शिंपडून वाटी कपाटाशी सरकवली. अर्ध्या तासानं वाटी रिकामी. तेव्हापासून जेवण हे खातं सासूबाईंचं.

लेक रोज शाळेतून आली की धडा वाचून दाखवते. ठकू आता कपाटातून बाहेर येते आणि तिच्या दप्तराच्या बंदात नख अडकवून खेचत बसते. वाचन थांबलं की तीही थांबते आणि वर बघते. हात लावू देते, पण डोक्यावर आणि हनुवटीखालीच, पाठीवर नेला की उठून जाते. लेकीनं ते स्वतःच ओळखलं आणि भावाबहिणींना सांगते, "इथपर्यंतच." बेल वाजली की ठकू अजूनही कपाटात पळते. दिवाळीचे तीन दिवस तिनं तिथेच काढले, रात्री मात्र जेवली. मांडीवर बसेल असं वाटत नाही, आणि आमच्या घरात कोणी तशी वाटही बघत नाही. लहान मुलाच्या घरात अन्याय होतो का असं मी विचारलं होतं. मूल शांत बसायला तयार असेल तर नाही, असं आता अनुभवानं सांगते.

कऱ्हाकाठ
मनापासून अभिनंदन. लेकीला माझ्याकडून शाबासकी.

रानवाटा_नाशिक
गेले दोन महिने हा धागा गुपचूप वाचत होतो. आमच्या इथल्या शेल्टरमध्ये एक काळी भाटी आहे, तीही अशीच कोपऱ्यात. आडवी जाईल म्हणून कोणी नेत नाही म्हणे. आईला धागा वाचून दाखवला, तिनं होकार दिलाय. जाळी लावून झाली, कपाटाचा कप्पा रिकामा केला. कॅरिअर कसला घ्यावा? आणि आणताना काय काळजी घ्यायची? रिक्षानं तासाभराचा रस्ता आहे.

जाई_कोथरूड
वा, आईंना नमस्कार! कॅरिअर कडक प्लास्टिकचा, वरूनही उघडणारा घ्या. समोरच्या दारातून घाबरलेली मांजर बाहेर काढता येत नाही, वरचं झाकण काढलं की तिला आत बसू देऊनच डॉक्टर तपासू शकतात. आधी शेल्टरला नेऊन ठेवा, चार दिवस तिच्या पिंजऱ्यात दार उघडं ठेवून राहू दे. तिथली तिची चादर न धुता बरोबर आणा. रिक्षात वरून टॉवेल टाका, समोरची बाजू थोडी उघडी, आणि कॅरिअर मांडीवर न घेता सीटवर ठेवून हातानं धरा. दाराच्या कडीवर एक पट्टा गुंडाळा, गचका बसला की त्या कड्या सुटतात.

डॉ_पाणवठा
निघण्याआधी तीन-चार तास खाणं बंद, पाणी चालेल. घरी पोचल्यावर कॅरिअर तिच्या खोलीत ठेवा, दार उघडा आणि तुम्ही बाहेर या. कॅरिअर लगेच उचलून माळ्यावर टाकू नका, पहिले काही दिवस ती त्यातच झोपेल.